लॅपटॉपातलं सिम आणि बैठकीतला कापूस

बोरी अरबला आमच्या गल्लीत आजही कुणाला विचारलं तर तो सांगेल, की त्या वर्षी कापूस वेळेवर विकला गेला तो माझ्या लॅपटॉपमुळे. मी म्हणे परदेशात बसून, लॅपटॉपच्या पोटातलं इंटरनेट चालू करून, न्यूयॉर्कचा बाजार पाहिला आणि तिथून निरोप धाडला, "विका." त्याबद्दल मारुतीच्या पारावर माझा सत्कारही झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, वर एक भाषणही ऐकायला लागलं. आता ही गोष्ट दुरुस्त करायला हवी, आणि मी गेल्यावर ती कुणी करणार नाही. ज्यांना खरं माहीत आहे त्यांना तीत काही बिघडलेलं वाटतच नाही.

मी पाटबंधारे खात्यात होतो. कारकून म्हणून लागलो, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि यवतमाळलाच घर करून राहिलो. शेती मोठ्या भावाकडे, दादाकडे. ती सगळी वर्षं कापसाच्या दृष्टीने वाईटच. आमच्या जिल्ह्याचं नाव दिल्लीच्या चॅनेलवर आलं की बायको उठून टीव्ही बंद करायची. दादाची विहीर आटत नसे, त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं. पण आपण दरवर्षी घाईत कापूस विकतो आणि मग भाव चढतो, हे त्याच्या मनात घट्ट बसलं होतं. त्या साली भाव संक्रांतीच्या आतच एवढा चढला की लोक एकमेकांना दोनदा विचारून खात्री करून घेत. दादाने ठरवलं, यंदा घाई नाही. वेचलेला सगळा कापूस त्याने समोरच्या बैठकीच्या खोलीत भरला. खिडकी बुजली, बसायचं तक्तपोस बुजलं, भिंतीवरचं घड्याळ तेवढं वर राहिलं.

जाडजूड काळा लॅपटॉप मुलाने हॉलंडहून पाठवला होता. तो तिथे नोकरीला. त्याच्या ऑफिसने जुने लॅपटॉप काढले, त्यातला एक माझ्या वाट्याला आला. त्याची खुबी अशी, की त्याला बाहेरून डोंगल लावावं लागत नसे. मोबाईलचं इंटरनेट आतच बसवलेलं. उलटा करून बॅटरी काढायची. बॅटरीच्या खाली एक चीर होती, तिच्यात सिम सरकवायचं. मला ही गोष्ट इतकी आवडली की मी ती पाहुण्यांना बॅटरी काढून दाखवत असे. माणसं चहाला यायची आणि मी लॅपटॉप उलटा करायचो.

जानेवारीत आम्ही दोघं मुलाकडे निघालो. त्याआधी बोरी अरबला निरोप घ्यायला गेलो, तेव्हा लॅपटॉप अर्थातच बरोबर होता. गल्लीतले चारदोन जण कापसावरच बसले होते, मीही त्यांच्यात जाऊन रुतलो.

"म्हंजे याले डोंगल नाई लागत?" दादाने विचारलं.

"नाही. सगळं आतच."

"आन् तिकडं गेल्यावर?"

"तिकडच्या कंपनीचं सिम घालायचं. ज्या देशात जाऊ त्या देशाचं. जिथं असेन तिथून बाजार पाहीन आणि तुला मेसेज करीन. यातूनच मेसेज पण जातो."

दादाने सगळ्यांकडे असं पाहिलं, की जणू ते मशीन त्यानेच बनवलंय. मग म्हणाला, "झालं मंग. माह्या भावाचा मेसेज आल्याशिवाय या घरातून बोंडभर कापूस हालनार नाई."

वहिनी दारात औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. आत यायला तिला जागा नव्हती. "भाऊजी," ती म्हणाली, "इतक्या कंपन्यायचे सिम घालता, तं एखांद्या कंपनीले कापूस उचलाले पाठवा ना. मले घरात पाय ठेवाले जागा नाई."

सगळे हसले. वहिनीने मला ओवाळलं, माझ्या बायकोला ओवाळलं, आणि मग लॅपटॉपकडे वळली. तो उलटाच होता आणि बॅटरी काढलेलीच होती. "याचा जीव अथीच हाय ना?" म्हणत तिने कुंकवाची चिमूट आणि अक्षता नेमक्या त्या चिरेवर वाहिल्या. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आमच्याकडे दसऱ्याला मोटरपंपालाही कुंकू लागतं, आणि ऑफिसातल्या टाईपरायटरला मी स्वतः हार घातलेला आहे. मी नमस्कार केला आणि बॅटरी बसवून टाकली.

हॉलंडला पोचल्यावर पहिलं काम मी सिम आणण्याचं केलं. घातलं. लॅपटॉप म्हणाला, सिम घाला. काढून पुन्हा घातलं. सिम घाला. ती कंपनी मला पहिल्यापासूनच पोकळ वाटली होती. दुसऱ्या कंपनीचं आणलं. तेही तेच. रात्री जेवताना मी मुलाला आणि सुनेला सांगितलं, की हा देश स्वच्छ आहे, माणसं वेळेवर येतात, पण टेलिफोन खातं आपलं चांगलं.

"बाबा, घरात वायफाय आहे," मुलगा म्हणाला.

"वायफाय सगळ्यांकडे असतं."

त्याने लॅपटॉप उलटा केला, बॅटरी काढली, चिरेत टॉर्चचा उजेड टाकला आणि दात कोरायची काडी मागितली. काडीच्या टोकावर तांदळाचा एक लाल दाणा बाहेर आला. त्याच्यामागून आणखी एक.

"हे काय आहे?"

"अक्षता," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सून कधीची हसू दाबत होती. "बाबा, पहिल्या सिमचं लग्न लागलेलं होतं की हो. तुम्ही दुसरं कसं आणलं?"

साफ केल्यावर सिम लागलं. पण काम तेवढ्यावर भागत नाही, हे मला तेव्हा कळलं. लॅपटॉपच्या पडद्यावर एक खिडकी उघडे आणि विचारी, तुमची कंपनी कोणती? निवडली की तो त्या कंपनीसाठी स्वतःला पुन्हा तयार करून घ्यायचा. मधे एक गोल फिरत राही. मग जोडणीचं एक नाव टाकावं लागे, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. आम्ही बदलीच्या गावी गेल्यावर साहेबाप्रमाणे वागणं बदलायचो, तसंच हे. मी ते सगळं शिकलो. मुलाच्या टेबलावर वायफाय फुकट असताना मी खिडकीजवळ बसून आतल्या सिमवर बाजार पाहायचो, कारण त्यात माझं काहीतरी होतं. आठवड्यातून एकदा दादाला फोन करायचो. भाव चढतच होता.

"थांब," मी सांगायचो.

"थांबलोच हावो," तो म्हणायचा.

त्याच फोनवर नंतर बायका बोलायच्या. तिथला बाजारभाव वेगळा होता. घरात साठवलेल्या कापसात बारीक कीड पडते आणि तिच्याने अंगाला खाज सुटते, हे आमच्या भागातल्या सगळ्यांना माहीत आहे. दादाच्या घरी सगळे खाजवत होते. दादा हसण्यावारी नेत होता, वहिनी हळद लावत होती, पण पुतणीच्या मानेवर चट्टे उठले होते. तिला पाहायला एक मंडळी येऊन गेली. बैठकीत जागा नाही म्हणून अंगणात खुर्च्या टाकल्या. मुलाच्या आईने दोनदा मानेकडे पाहिलं, चहा अर्धाच ठेवला, आणि तिकडून पुन्हा काही कळवलं नाही. कोड म्हणाले असतील, नाहीतर आणखी काही. आता दिग्रसची एक मंडळी येणार होती. मुलगा शिक्षक, घर चांगलं.

"जाऊबाई म्हणत होत्या," माझी बायको फोन ठेवून म्हणाली, "कापूस निघाला की खाज आठवड्यात जाते. पाहुणे यायच्या आत खोली रिकामी व्हायला पाहिजे. तुम्हीच सांगा म्हणाल्या दादांना, ते दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत."

"पाहू," मी म्हणालो. "आधी बाजार पाहतो."

हे वाक्य मी तेव्हा सहज बोललो. आता त्याच वाक्यासाठी एवढं सगळं लिहायला बसलो आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी मुलाला सुट्टी होती. त्याने आम्हाला गाडीतून जर्मनी आणि स्वित्झर्लंड दाखवायचं ठरवलं. निघायच्या आधीच त्याने बजावलं, की त्याच्या फोनवर तिकडे इंटरनेट लावायचं नाही, रोमिंगचं बिल आलं तर गाडी विकायला लागेल. मी म्हणालो, तू काळजी करू नको, माझा लॅपटॉप प्रत्येक देशाचं स्वतः पाहून घेईल.

जर्मनीत शिरल्याबरोबर एका किराणा दुकानात सिम मिळालं. साबणाच्या शेजारी टांगलेलं. मी गाडीतच बॅटरी काढली आणि ते घातलं. पडद्यावर आधीचीच कंपनी दिसली, कारण नाव तेच होतं. हॉलंडला होती तीच इथेही होती. मी हॉलंडचं निवडलेलं तसंच ठेवलं. माझ्या नोकरीच्या हिशोबाने, एका जिल्ह्यात मंजूर झालेला कागद दुसऱ्या जिल्ह्यात चालायलाच हवा. चालला नाही. नाव एक असलं तरी हॉलंडची कंपनी वेगळी, जर्मनीची वेगळी, आणि त्यांच्यात बोलणं नसावं. मुलाने पेट्रोलपंपावर थांबून यादीतून जर्मनीची कंपनी निवडली. मग कळलं की सिम आधी नोंदवायचं असतं, नावपत्ता देऊन. नोंदवलं. ते चालू व्हायला वेळ लागतो म्हणाले.

"किती?" मी विचारलं.

"होईल उद्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी ते चालू झालं. मेसेज आला, जर्मनीत आपलं स्वागत आहे. आम्ही तेव्हा स्वित्झर्लंडच्या हद्दीत शिरून अर्धा तास झाला होता. मुलगा गाडी चालवता चालवता इतका हसला की सुनेला त्याला सांगावं लागलं, रस्त्याकडे पाहा.

"बाबा, मेसेज माझ्या फोनवरून करा ना. एका मेसेजचं काही वाटत नाही मला."

"बाजार पाहिल्याशिवाय मेसेज काय करू?"

"मग काकांना नुसता फोन करा, विचारा कसं चाललंय."

मी दादाला शब्द दिला होता की ज्या देशात असेन तिथून, लॅपटॉपवरून. मुलाच्या फोनवरून करायचं, तर मग मी कापसावर बसून एवढं दाखवलं कशाला?

स्वित्झर्लंडचं सिम रेल्वे स्टेशनवरच्या दुकानात घेतलं. ते चटकन बसलं, पण लॅपटॉपने चार आकडी पिन मागितला. बँकेच्या कार्डाचा पिन आपणच ठरवतो, तसंच हे, असं मी धरून चाललो. मी माझं जन्मसाल टाकलं. चूक म्हणाला. मला वाटलं, फार सोपा आहे म्हणून नाकारत असेल. बायकोचं टाकलं. चूक. मग दादाचं टाकलं, मोठा भाऊ म्हणून. त्यावर सिमने दारच लावून घेतलं. आता लॅपटॉप म्हणाला, मोठा आकडा सांगा, आठ आकडी, नाहीतर बोलू नका.

"तो आकडा सिमच्या प्लास्टिकवर असतो," मुलगा म्हणाला. "आणि पिनही. छापलेलाच. सिम तोडून घेतलं ते कार्ड कुठे आहे?"

ते कार्ड मी स्टेशनवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. तिथल्या स्वच्छतेला मान म्हणून. मग मागच्या सीटवर पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला आणि बायकोचा हात पुढे आला. हातात ते कार्ड.

"तुम्ही टाकलं तेव्हाच काढून घेतलं," ती म्हणाली. "एवढं चांगलं जाड प्लास्टिक. पोळ्यांच्या डब्याला खूण लावायला होईल म्हटलं."

त्या बाईने आयुष्यभर घरात जमवलेल्या डबे, दोऱ्या आणि पिशव्यांवर मी जे काही बोललो होतो, ते सगळं त्या क्षणी तिने वसूल केलं. त्यासाठी तिला टोमण्याचा एक शब्दही वापरावा लागला नाही.

एका तळ्याकाठच्या कॉफीच्या दुकानात, काचेच्या आत बसून, मी शेवटी जोडला गेलो. बाहेर बर्फाचे डोंगर होते. बाकीचे ते पाहत होते. मी कापूस पाहत होतो. पडद्यावरची रेघ वर चढत होती आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, अजून चढेल. मला इतका आनंद झाला की मी कॉफी सांडली. मेसेजची खिडकी उघडली. दादाच्या फोनवर मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलं: विकू नका, थांबा, भाव अजून चढेल.

बायको शेजारी येऊन बसली. "काय लिहिलं?"

मी सांगितलं.

"अहो, पण रविवारी दिग्रसचे पाहुणे. जाऊबाईंनी दोन-दोनदा सांगितलंय. पोरीची मान..."

"बाजार पाहुण्यांना विचारून चालत नाही," मी म्हणालो, आणि बटण दाबलं.

ती मग उठून डोंगर पाहायला गेली. स्वित्झर्लंडमधल्या माझ्या सगळ्या फोटोंत मी हसतोय आणि ती दुसरीकडे बघते आहे, त्याचं कारण हे.

हॉलंडला परतल्यावर दादाला फोन लावला.

"तुहा मेसेज भेटला," तो खुशीत म्हणाला. "त्याच दिवशी मेटाडोर बोलावली. दिग्रसच्या जिनिंगमंदी सारा रिकामा करून आलो."

"रिकामा? अरे पण मी..."

"आन् पाव्हणेही येऊन गेले. पसंत हाय म्हंते पोरगी. वापस ये, मंग बोलू." फोन कटला.

मी आठवडाभर चिडलो होतो. मला वाटलं, दादाने माझं न ऐकता विकलं आणि आता मला बरं वाटावं म्हणून माझं नाव घेतो आहे. बायकोला मी म्हणालोही, की एवढं सगळं करून शेवटी माझ्या शब्दाची किंमत शून्य. ती म्हणाली, "पोरीचं जमलं ना?" आणि भाजी चिरत राहिली.

मग भाव पडला. चढायला जेवढे दिवस लागले त्याहून लवकर पडला. मे महिन्यात आम्ही परत आलो, तेव्हा थांबलेल्या लोकांच्या घरात कापूस तसाच होता आणि खाजही. आमच्या गल्लीत मात्र बैठका रिकाम्या होत्या. दादाने मेटाडोर बोलावताना सगळ्यांना सांगितलं होतं, माह्या भावाचा फॉरेनहून मेसेज आला, इका. त्याच्यामागून गल्लीने विकला, शेजारच्या बंजारा तांड्यानेही विकला. एसटीतून उतरलो तर लोक स्टॅण्डवर उभे. पारावर सत्कार. तांड्याच्या नाईकांनी भाषण केलं, की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर माल वाहून देशोदेशी फिरलो, पण असा पाठीवर बाजार घेऊन फिरणारा माणूस पाहिला नाही. दादा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. मी बोलायला उठलो आणि "हे तुमचं प्रेम आहे" एवढंच म्हणून बसलो. त्याला लोक विनय म्हणाले.

दुपारी दादा झोपला तेव्हा वहिनी चहा घेऊन बैठकीत आली. खोली आता मोठी दिसत होती.

"भाऊजी, तुमचा मेसेज मलेच भेटला व्हता," ती म्हणाली. "हे वावरात गेलते, फोन घरी चार्जिंगले."

"मग?"

"मंग काय, वाचला. विकू नका, थांबा. सातवी शिकली हावो मी."

"आणि दादाला काय सांगितलं?"

"सांगतलं का भाऊजी म्हंते, इका."

मी चहाची बशी खाली ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं.

"असे पाहू नका माह्याकडं. या घरात तुमचंच नाव चालते, म्हून तुमचंच वापरलं. माह्यं चालत असतं तं माह्यं वापरलं असतं."

"मेसेज कुठे आहे?"

"पुसला."

"वहिनी, आणि भाव खरंच चढला असता तर?"

"तं तुमाले शिव्या बसल्या असत्या," ती म्हणाली. "मले काय?"

मी हसलो. हसू आलंच. मग विचारलं, "पडणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"मले भावाचं कायचं कळते वो? मले पोरीची मान दिसे. रोज सकाळी केस इचरताना दिसे." मग म्हणाली, "तुमाले सांगतलं व्हतं मी. तुमच्या घरच्यांजवळ दोनदा निरोप धाडला व्हता."

मी म्हणालो, हो, मिळाला होता.

"मिळाला व्हता ना," ती म्हणाली. एवढंच. मग चहा निवतो म्हणाली.

जाताना तिने बजावलं, दादाला कळू देऊ नका, बायकोनं फसवलं म्हणून गावात तोंड दाखवायचे नाहीत. मी शब्द दिला. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी वहिनीसाठी गप्प आहे. ते अर्धंच खरं. बोरी अरबच्या स्टॅण्डवर उतरलो की लोक उठून बसायला जागा देत, आणि माझ्यासारख्याला, ज्याच्यासाठी नोकरीत कधी कुणी उठलं नव्हतं, त्या जागेची सवय लागली. पुढच्या हंगामात सगळे विचारायला आले, यंदा काय म्हणतो लॅपटॉप? मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, इथे त्याला रेंज मिळत नाही, तो परदेशातच चालतो. त्यावरही लोकांनी मान डोलावली.

दादा तसाच समजून गेला. शेवटच्या आजारातही दवाखान्यात नर्सला सांगत होता, हा माझा भाऊ, यानं गल्ली वाचवली. तेव्हा सांगायला हवं होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही. वहिनी म्हणाली नको. मी लगेच ऐकलं. तिचं एरवी एवढं लगेच मी कधीच ऐकलेलं नाही.

राहिली पुतणी. दिग्रसला तिचं चांगलं चाललंय. ती आपल्या मुलांना सांगते, यवतमाळच्या आजोबांनी कॉम्प्युटरवर भाव पाहिला म्हणून घर रिकामं झालं, म्हणून तुमचे बाबा बसू शकले, म्हणून लग्न. मुलं माझ्याकडे त्या नजरेनं पाहतात. या हिवाळ्यात मी ठरवलं आणि बसने दिग्रसला गेलो. ती ओसरीवर तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती, जावई पेपर वाचत होते. मी खुर्चीत बसून सगळं सांगितलं. अक्षतांपासून सुरुवात केली म्हणून आधी ते दोघं हसत होते.

मग तिचा हात मंद झाला. "काका, तुमाले माह्या मानेचं मालूम व्हतं का तवा?"

"होतं. तुझ्या काकूने तिथल्या तिथेही आठवण करून दिली होती."

"आन् तरी थांबा?"

"मला वाटलं, भाव अजून..."

"भाव," ती म्हणाली. आणि शेंगा सोलत राहिली. मी सांगायला आलो होतो ते सांगून झालं होतं, आणि हलकं वाटेल असं जे मला वाटलं होतं तसं काही वाटत नव्हतं.

जावयांना ते बघवलं नसावं. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "काका, मी हिला पाहायला आलो ना, तर मामंजींनी अर्धा वेळ तुमच्या लॅपटॉपचंच सांगितलं. सिम कुठं जातं, बॅटरी कशी निघते. मला वाटलं, लग्न त्याच्याशीच करून देतात की काय."

"तुमाले ते बरं आठोते," ती त्यांना म्हणाली. "मी कोनत्या रंगाची साडी नेसली व्हती, सांगा बरं?"

ते पुन्हा पेपरात शिरले. तिने फोन उचलून बोरी अरबला लावला आणि आवाज मोठा केला. "आई, काका आले हायेत. मेसेजचं सांगून राह्यले. थांबा म्हनलं व्हतं म्हंतेत."

पलीकडे वहिनीच्या घरात टीव्ही चालू होता. तो आधी बंद झाला. "कायले सांगतलं वो भाऊजी?" वहिनी म्हणाली. "एवढे वर्स पचलं, आता अजीर्न झालं का तुमाले?"

"लिहूनही काढणार आहे," मी म्हणालो.

"लिवा. मले कोन फासावर देते आता? पन मी तुमाले चहा पाजला व्हता, थेही लिवा."

फोन ठेवल्यावर पुतणी उठून आत गेली, पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला, पुन्हा बसली.

"लिवताच हाय तं पुरं लिवा काका," ती म्हणाली. "माह्या मानेचंही लिवा, चट्ट्यायसकट. ते लपवून लिवसान तं लोक म्हनतीन, आईले बाजार समजे. आईले बाजार-बिजार काई समजत नोता. मी समजत व्हती तिले."

"लिहीन," मी म्हणालो.

"आन् मले राग आला, हेही लिवा. अजून गेला नाई." मग तिने शेंगांचं सूप पायाने माझ्याकडे सरकवलं. "तवरोक सोला. जेवाले वेळ हाय."

मी सोलायला घेतलं. ती म्हणाली, किडके दाणे वेगळे काढा, तुमाले दिसत नसतीन तं तसं सांगा.